समुद्रापलीकडचं गाठोडं

बडनेऱ्याच्या नत्थुजी माळ्याला सल्ला द्यायची भारी खोड. कोणाच्या वांग्याला कीड लागो, कोणाच्या म्हशीचं दूध आटो, हा गडी न बोलावता हजर. पण त्याचाच पोरगा चंद्रभान समुद्रापलीकडं निघाला, तेव्हा त्याची बोलती बंद झाली.

झालं असं. अमेरिकेत लढाई पेटलेली होती तोवर अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव. गोरे साहेब आले, बंगले उठले, आणि एका साहेबाच्या बागेत चंद्रभान कामाला लागला. मग लढाई मिटली, भाव कोसळला, साहेबानं गाशा गुंडाळला. दुसऱ्या मुलखात त्याला उसाचा मळा मिळाला होता. पोराच्या हातच्या गुलाबांवर त्याचा जीव, म्हणून त्यानं विचारलं, येतोस का? आणि या बैताडानं घरी एक शब्द न बोलता तीन वर्षांच्या करारावर अंगठा उमटवला! नत्थुजीनं आदळआपट केली, मैनाबाईनं दोन दिवस चूल पेटवली नाही. काय उपयोग? अंगठा काही पुसून निघत नाही.

आता मुलूख कोणता? तेच तर कोणी विचारलं नाही. निघणाऱ्याला 'कुठं' विचारलं की काम फसतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. जाणं टळत नाही, तर निदान अपशकुन तरी नको, म्हणून नत्थुजीनं तीन आठवडे जीभ दाताखाली धरली. समुद्र एक, म्हणजे त्याचा पलीकडचा काठही एकच असणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

पण पोराला कोरडं कसं धाडायचं? समुद्र पाहिलेला माणूस त्याच्या ओळखीत एकच, अकोल्याचे रुईवाले हाजीसाहेब. जहाजानं मक्केला जाऊन आलेले. नत्थुजी मेथीच्या दोन जुड्या घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसला.

"पोट्टं जहाजानं चाल्लं, मालक. काय काय न्यावं, कसं ऱ्हावं, ते सांगा."

"कुठं जातो पोरगा?" हाजीसाहेबांनी विचारलं.

नत्थुजीनं घाईघाईनं हात जोडले. "तेवढं नोका इचारू, मालक!"

हाजीसाहेब वऱ्हाडातच वाढलेले. ते समजले, मान डोलावली आणि स्वतःला माहीत होतं ते सगळं भरभरून सांगितलं. जहाजात पहिले आठ दिवस पोटात काही टिकत नाही, लिंबू चोखायचं आणि आडवं पडायचं. प्यायचं पाणी उशाशी ठेवायचं. उतरल्यावर डोकं झाकल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. "झाड नहीं, छाँव नहीं, और बारिश का तो नाम मत लो, नत्थुजी!"

नत्थुजी खूश होऊन घरी आला आणि मैनाबाईनं बांधलेलं गाठोडं सोडून बसला. सातूचं पीठ राहू दिलं, मिरचीची चटणी राहू दिली. मधली जाडजूड घोंगडी ओढून काढली.

"राहू द्या न," मैनाबाई म्हणाली. "वझं का तुमी वाह्यता?"

"तुले काय समजते? तिकडे पानीच पडत नाही!" त्यानं घोंगडी वळणीवर टाकली आणि तिच्या जागी चामड्याची मशक कोंबली. मशक पाण्याची, नवीकोरी, बाजारातून मुद्दाम आणलेली. किती दिवसांनी गड्याला आपण काही कामाचं केलं असं वाटलं.

निघायच्या दिवशी साहेब आगगाडीच्या पुढच्या डब्यात जाऊन बसला. मागच्या डब्याच्या खिडकीशी चंद्रभान, आणि त्याचा हात धरून खाली मैनाबाई. साहेबाचा मुन्शी शेषराव फलाटावर सामान तपासत होता. गाठोड्यातून डोकावणारी मशक पाहून तो हसायलाच लागला.

"हे काहाले, नत्थुजी?"

"तिकडे पानी नाही न."

"कोनं सांगतलं? अहो, होंडुरास म्हनते त्या मुलखाले. आठ-आठ महिने पाऊस! जंगल, चिखल, डास, हिवताप. साहेबानं मेणकापडाच्या दोन पेट्या भरल्या, पाह्यल्या नाही काय?"

नत्थुजीनं पाहिल्या होत्या. घोंगडी घरी, घर अर्ध्या कोसावर, आणि इंजिन फुसफुसायला लागलेलं.

"लय दूर हाय काय?"

"आधी विलायत. मंग आनखी एक समुद्र. सहा-सात महिने धरा."

"अन् वापस?"

शेषरावानं हसणं आवरलं. खिडकीकडं पाहून त्यानं आवाज हळू केला. "न्यायचं साहेबानं लिवलं हाय. आनून सोडायचं कागदात नाही. तीन वर्षं चाकरीची, पुढं त्याचं तो पाह्यन."

"येते तर असन कोनी?"

"मले तरी कोनी भेटलं नाही अजून."

घंटा झाली. नत्थुजी धावत खिडकीशी गेला. डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं पोराच्या हातात कोंबलं. दुसरं होतं काय त्याच्याजवळ?

"बाबा, काही सांगाचं राह्यलं काय?" चंद्रभाननं विचारलं.

साऱ्या गावाला अक्कल शिकवणारा माणूस तो. उतर म्हणावं, तर अंगठा दिलेला. भिऊ नको म्हणावं, तर स्वतःच भ्यालेला.

"काही नाही रे," तो म्हणाला, आणि गाडी हलली.

परतताना मैनाबाईच्या पावलात जोर होता. रडून तिचं मन हलकं झालं होतं.

"बरं झालं तुमी हाजीसाहेबाले इचारून आले," ती म्हणाली. "माह्या जिवाले लय धीर आला. तीन वर्षं काय, म्हनता म्हनता जातीन. हिवरखेडच्या पार्बताबाईची जयवंता मी त्याच्यासाठी मनात धरून ठेवली. आतापासून शब्द टाकला तर थांबतीन काय ते लोक?"

परतीचं सांगून टाकावं, असं नत्थुजीच्या ओठांपर्यंत आलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

"थांबतीन," तो म्हणाला. "उद्याच जाऊन शब्द टाकतो."