घरात बाईमाणूस

आजाऱ्यांना सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोच्या शालूताईंनी आधी आजाऱ्याची चौकशी केलीच नाही. "घरात लेडीज कोण आहे?" एवढंच विचारलं.

सर्जेरावांना हा प्रश्न आता पाठ झाला होता. कर्वेनगरातला हा चौथा ब्युरो. आधीच्या तिघांना त्यांनी खरं सांगितलं होतं, की बायको दोन वर्षांपूर्वी वारली, घरात मी आणि आई. तिघांनीही एकच उत्तर दिलं होतं. एकटा पुरुष असेल तिथे आम्ही बायका पाठवत नाही. बरोबरच होतं म्हणा. पेपरात काय काय येतं ते सर्जेरावही वाचत होते. मग पुरुष द्या, असं म्हटलं तर एक बाई फोनवरच हसली. "आईंना अंघोळ पुरुष घालणार? कमाल करता!" आता तिला काय सांगायचं, की दोन वर्षं ती कमाल रोज सकाळी सहा वाजता याच घरात होते, भिंतीकडे तोंड करून, हाताच्या अंदाजाने?

पण रजा संपल्या होत्या. बिनपगारीही संपल्या होत्या. साहेबांनी शुक्रवारी सांगून टाकलं होतं, "सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा लिहून पाठवा." गेल्या आठवड्यात आईला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून ते कामावर गेले, तर तिने गॅस चालू करून ठेवला. खालच्यांना वास आला म्हणून वाचली.

"मिसेस आहेत ना," सर्जेराव शालूताईंना म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी बायकोची, विजयमालाची तसबीर हारासकट भिंतीवरून उतरवली आणि कपाटात कपड्यांमागे ठेवली. तिचं एक पातळ ओलं करून गॅलरीत वाळत घातलं. आपण किती हलकट माणूस आहोत, असं त्यांना वाटलं. तरीही त्यांनी पातळाच्या चुण्या नीट झटकल्या.

दहाला ब्युरोकडून मुक्ताबाई आल्या. चाळिशीच्या, स्वच्छ, कमी बोलणाऱ्या. आज नमुन्यादाखल तीन तास आणि जमलं तर उद्यापासून रोज, असं ठरलं होतं.

"वहिनी कुठायत?"

"मंडईत," सर्जेराव म्हणाले.

"मंडईतच गेलीय," खाटेवरून त्यांची आई सोजरबाई म्हणाल्या. "येईल की आत्ता. लई घासाघीस करती भाजीवाल्याशी."

सर्जेराव बघतच राहिले. आई रोज सकाळी त्या तसबिरीकडे बघून डोळे पुसायची. तसबीर दिसली नाही, तशी सून जिवंत झाली. आपल्या खोटेपणाला आईचा आजार साक्षीला उभा राहिला, याची त्यांना लाज वाटली आणि आधारही.

मुक्ताबाईंनी सोजरबाईंना न्हाऊ घातलं. न्हाणीघरातून दोघींचं बोलणं येत होतं, मध्येच सोजरबाईंचं हसणं. दोन वर्षांत आई अंघोळीला हसली नव्हती. ती रडायची, अंग चोरायची, त्यांना परका पुरुष समजून बोचकारायची. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे असलेले सर्जेराव खाली बसले आणि बसल्या जागी झोपले. जागे झाले तेव्हा एक वाजायला आला होता आणि आई वेणीफणी करून, मऊ भात खाऊन, शांत बसली होती. सुटलो, असं त्यांच्या मनात आलं.

मुक्ताबाईंनी पिशवी उचलली. "जमेल मला. येते उद्या."

"अगं, थांब," सोजरबाई म्हणाल्या. "कुंकू लावल्याबिगर बाईमाणसाला धाडत्यात व्हय? माझ्या हातचं चालायचं न्हाय. विजे! ए विजे! करंडा आण!"

"असू दे आई," सर्जेराव घाईने म्हणाले.

"विजे!" सोजरबाईंचा आवाज चढला. चढला की तो तासभर उतरत नसे, मग फेकाफेक सुरू व्हायची. मुक्ताबाईंनी हे बघितलं तर उद्या कशाला येतील? सर्जेराव धावत आत गेले, कपाटातून विजयमालाचा पितळी करंडा काढला आणि मुक्ताबाईंच्या हातात दिला. "तुम्हीच लावून घ्या. ती आली की सांगतो."

दोन वर्षांत तो करंडा कुणी उघडला नव्हता. शेवटचा त्यांनीच बंद केला होता, तिला वैकुंठ स्मशानभूमीत नेण्याआधी.

मुक्ताबाईंनी झाकण काढलं. आतलं कुंकू वाळून खडा झालं होतं. त्यावर मंगळसूत्र होतं आणि दोन जोडवी.

नवरा समोर धडधाकट उभा असताना कुठली बाई मंगळसूत्र आणि जोडवी काढून मंडईत जाते? त्यांनी गॅलरीतल्या पातळाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे.

"दादा, कधी गेल्या?"

"दोन वर्षं झाली." सर्जेरावांनी हात जोडले. "मी दिवसभर घरात नसेन हो. किल्ली तुमच्याकडे ठेवा. तुम्ही गेल्यावरच घरात येईन. उद्या नोकरी जाईल माझी."

"तुम्ही वाईट नाही, दिसतंय मला," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "पण खरं सांगून बोलावलं असतंत तर विचार तरी केला असता. खोटं बोलून बाई बोलावणाऱ्या घरात मी राहिले असं कळलं, तर माझं घर मोडेल." करंडा त्यांनी हळूच टेबलावर ठेवला आणि कपाळ तसंच घेऊन गेल्या.

खरं सांगितलं तेव्हा कुणी विचार केला नव्हता, हे जिना उतरणाऱ्या पाठीला सांगण्यात अर्थ नव्हता.

"विजे! मेली कुठं उलथली ही?" सोजरबाईंनी पाण्याचा पेला भिरकावला.

सर्जेरावांनी तसबीर आणून पुन्हा खिळ्यावर लावली. दुसरं काय करणार? सोजरबाईंनी हार पाहिला आणि ऊर बडवून रडायला लागल्या, जणू आत्ताच निरोप आला होता. सर्जेराव त्यांना धरून बसले. त्यांनाही रडायचं होतं, पण एका वेळी एकानेच रडायची या घरात सोय होती.

बऱ्याच वेळाने सोजरबाई थांबल्या. पदराने नाक पुसून त्यांनी विचारलं, "कवा गेली?"

"दोन वर्षं झाली, आई."

"दोन वर्सं?" त्या विचारात पडल्या. नुकत्याच घातलेल्या वेणीवरून त्यांनी हात फिरवला. "मग माझं कोण करतंय रं?"

"मी."

सोजरबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांची कीव केली.

"गप, येड्या. गडीमाणसानं का कुठं हे व्हतंय," त्या म्हणाल्या. "एखादी बाई बघ."