डाव्या बाजूचे डाग

सासऱ्यांनी बोटांची पालथी बाजू बॉनेटवर टेकवली आणि तत्काळ उचलली.

"तापलीय. अर्धा तास सावलीत उभी राहू द्या."

"अर्धा तास?" जावयाने मनगटावरचे घड्याळ पाहिले. "बाबा, दोन वाजून गेलेत. पाचला मॅडमचं विमान उतरतं. चारला मला इथून निघायलाच हवं."

"मग गाडीला सांगा लवकर थंड व्हायला. माझं तर ती ऐकत नाही."

सासऱ्यांनी तंत्रविद्यालयाच्या रंगकाम कार्यशाळेत एकोणतीस वर्षे शिकवले होते. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी तसेच एक टेबल मांडले होते आणि त्यावर प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. शेडमध्ये उभी असलेली लांब काळी गाडी जावयाच्या मालकिणीची होती. मॅडम बारा दिवस बाहेरगावी होत्या. गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारण्याची त्यांना सवय होती. आधीच्या ड्रायव्हरला दारावरच्या एका ओरखड्यापायी त्याच दिवशी घरी बसावे लागले होते.

आणि आता बॉनेटच्या डाव्या भागावर व डावीकडच्या दोन्ही दारांवर पांढऱ्या ठिपक्यांची दाट रांगोळी उमटलेली होती. उजवी बाजू मात्र आरशासारखी स्वच्छ होती.

"पाणी कुठलं?"

"ऑफिसच्या बागेतलं. काल फवारा चालू राहिला. एकदाच झालं."

"आणि कोरड्या फडक्याने कोणी घासलं?"

"मीच. वाटलं, जातील."

"पाण्यातला क्षार वाळून खडा होतो. तो कोरडा घासणं म्हणजे रंगावर कानस चालवणं. विद्यार्थ्याने केलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभा केला असता."

"मलाही करा उभा. पण आधी डाग काढा."

गाडीचा पत्रा निवल्यावर सासऱ्यांनी गाडी साबणाने धुऊन घेतली. मग काचेच्या भांड्यात पांढरे व्हिनेगर आणि बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी सारख्या प्रमाणात मोजून ओतले.

"नळाचं घ्या ना, पटकन होईल."

"ज्या क्षाराने डाग पाडले, तो नळाच्या पाण्यातही आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ?"

मागच्या दाराच्या तळाशी त्यांनी चिकटपट्टीने तळहाताएवढा चौकोन आखला, भिजवलेले कापड त्यावर ठेवले आणि घड्याळ काढून समोर धरले. दोन मिनिटे, अधिक नाही. व्हिनेगर रंगावर वाळता कामा नये. वेळ होताच त्यांनी कापड उचलले, शुद्ध पाणी ओतले, टिपले आणि भिंग लावून पाहिले. ते बराच वेळ पाहत राहिले.

"एकदाच, म्हणालात ना?"

"हो."

"वरचा थर कालचा होता, तो गेला. त्याखाली दुसरा आहे. त्याखालचे तीन-चार उन्हात भाजून निघालेत. ही गाडी किमान पाच-सहा वेळा एकाच जागी, एकाच बाजूने उभी होती. मालकीण गावात नसताना गाडी जात कुठे होती?"

जावयाने पायाजवळची बादली विनाकारण बाजूला सरकवली.

"बॅटरी उतरू नये म्हणून चक्कर मारत होतो."

"चक्कर मारणारी गाडी तास-दोन तास फवाऱ्याखाली उभी राहते?"

"बाबा, डाग निघतील का, तेवढं सांगा."

सासऱ्यांनी भिंग पुसून टेबलावर ठेवले.

"दुसऱ्याच्या गाडीवर स्वतःची कामं उरकणारा माणूस मला चालत नाही. जावई असला तरी. माझ्या मुलीला ठाऊक आहे हे?"

"आहे."

हे उत्तर इतक्या हळू आवाजात आले की सासऱ्यांनी मान वर करून पाहिले. जावई गाडीच्या चाकाकडे बघत होता.

पावणेतीन झाले होते. सासऱ्यांनी मोठे कापड भिजवले आणि बॉनेटच्या डाव्या भागावर पसरले. मग कापडाबाहेर राहिलेल्या डागांवर दिवा तिरपा धरला. प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याभोवती केसाएवढे बारीक, तांबूस कडे होते.

ते कडे त्यांच्या ओळखीचे होते. पाण्यात लोह असले की असे होते. परंतु असे पाणी त्यांनी शहरात एकाच ठिकाणी पाहिले होते. मोठ्या इस्पितळाच्या आवारात, कुंपणालगतच्या हिरवळीवर कूपनलिकेच्या पाण्याचा फवारा सकाळभर फिरत असे आणि कुंपणाशी लावलेल्या गाड्यांची डावी बाजू भिजवत असे. तीन वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची गाडी अकरा आठवडे तिथे उभी राहत होती. पत्नी दुसऱ्या मजल्यावर होती. अकराव्या आठवड्यानंतर तिथे जाण्याचे कारण उरले नाही.

"बाबा, दोन मिनिटं झाली."

दिवा त्यांच्या हातात तसाच होता.

"बाबा! चार मिनिटं होत आली. कापडाची कड वाळतेय!"

सासरे दचकले. त्यांनी कापड ओढून काढले आणि बाटलीभर पाणी बॉनेटवर रिकामे केले. दोघेही ओल्या काळ्या रंगावर वाकले. कडेला एक फिकट रेघ दिसली आणि बोटाखाली नाहीशी झाली.

"चूक माझी," सासरे म्हणाले.

लग्नाला सहा वर्षे झाली होती. हे शब्द त्यांच्या तोंडून जावई प्रथमच ऐकत होता.

"तुमची प्रकृती कशी आहे?" सासऱ्यांनी कापड पिळत विचारले.

"माझी? मला काय धाड भरलीय!" जावई हसला. ते हसू अर्ध्यावरच थांबले.

"आणि तुमच्या आईंची?"

"ठणठणीत आहे. कालच फोनवर तासभर भांडली माझ्याशी."

सासऱ्यांनी मान हलवली. तिसऱ्या माणसाबद्दल त्यांनी विचारले नाही. दुसरी बाटली फोडून ते पुन्हा कामाला लागले.

उरलेल्या खुणांसाठी त्यांनी सौम्य पॉलिश घेतले. यंत्र असूनही ते हातानेच घासत होते. हलक्या हाताने, एका वेळी एक वीत. जावई त्यांच्यामागून टिपत होता. साडेतीनला दारे झाली, पावणेचारला बॉनेट. शेवटी मेणाचा पातळ हात फिरवला, तेव्हा पत्र्याच्या छपराचा प्रत्येक खिळा गाडीत दिसू लागला. डाव्या दिव्याशेजारी एक कडे मात्र उरले.

"तेवढं एक काढा ना, बाबा."

"रंगावरचा पारदर्शक थर तिथे संपत आलाय. आता घासलं तर डाग जाईल आणि रंगही जाईल."

"मॅडमना दिसलं तर?"

"शोधणाऱ्याला दिसेल. त्यांनी विचारलं तर फवाऱ्याचं खरं सांगा. खोटं तुम्हाला जमत नाही." ते हात पुसू लागले. "यापुढे ओली गाडी उन्हात सोडायची नाही. पाणी पडलं की मऊ फडक्याने टिपायचं. टिपायचं, पुसायचं नाही. आणि मेण दर महिन्याला."

जावयाने मान डोलावली, गाडीत बसून ती सुरू केली. सासरे खिडकीपाशी आले.

"उद्यापासून ही गाडी तुम्हाला मिळणार नाही."

"नाही."

"मग उद्या माझ्या मुलीला किती वाजता न्यायचंय?"

जावयाने गाडी बंद केली.

"साडेदहाला," तो समोर पाहत म्हणाला. "तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं तिनेच बजावलं होतं, बाबा. म्हणाली, बाबांना पुन्हा इस्पितळाच्या त्या पायऱ्या..."

"मी दहाला दारात येतो. तिला सांगा, मॅडम आल्या, गाडी गेली, म्हणून तुम्हीच मला बोलावलंत. कुठे जायचं, ते मला ठाऊक नाही."

"आणि तिने वाटेत काहीच सांगितलं नाही तर?"

"तर प्रत्येक वळणावर विचारीन, डावीकडे की उजवीकडे." सासऱ्यांनी घड्याळ पाहिले. "चार वाजले. निघा."