साहेब आले की कॉम्प्युटर अडकतो

माझा स्वभाव संशयी आहे, असं माझा नवरा म्हणतो. मी म्हणते, डोळे उघडे आहेत एवढंच. ऑफिसातला माझा कॉम्प्युटर मधूनच अडकायला लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. यंत्र म्हातारं झालं की रडतकढत बिघडतं. हे तसं नव्हतं. मी घरांचे नकाशे काढते. तासन्‌तास भिंती, दारं, जिने ओढत बसलेली असताना तो एकदाही अडकायचा नाही. पाणी प्यायला उठून परत यावं, तर माउस फिरवला तरी बाण जागचा हलत नाही आणि कीबोर्ड मुका. आणि साहेब काम बघायला केबिनबाहेर आले की हमखास.

हे दुसरं जास्त वाईट होतं. साहेब म्हणजे आमचे आर्किटेक्ट. त्यांना नकाशा फिरवून, मोठा करून, भिंतींची मापं वाचून बघायचा असतो. अडकलेल्या स्क्रीनवर कोपऱ्यातली एखादी न्हाणी तेवढी दिसायची. बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत ते थांबत नसत, आणि सुरू झाल्यावर शेवटचं काम गेलेलं असायचं.

"काम करताना बरा चालतो हो तुमचा कॉम्प्युटर," ते एकदा म्हणाले. "दाखवायच्या वेळीच कसा अडकतो?"

मी दिवसभर नुसती बसते आणि त्यांची चाहूल लागली की काहीतरी दाबते, असा त्यांचा ग्रह झाला होता. इकडे नवऱ्याचं दुकान नुकतंच बंद झालेलं. घर माझ्या नोकरीवर चाललं होतं, आणि ती जाईल या भीतीने मला घास गोड लागत नव्हता.

माझा पहिला संशय काकांवर. काका हिशेब बघतात, त्यांचं टेबल माझ्या पाठीमागे. चालतात तर चपलेचा आवाज नाही. त्यांच्या भाचीने नकाशे काढायचा कोर्स केला होता आणि ही बातमी ते ऊठसूट कुणालाही ऐकवायचे. मी पाणी प्यायला जाते, मागे एकटे काका, आणि तेवढ्यात कॉम्प्युटर अडकतो. आणखी काय पुरावा हवा? मी जाताना माउस मुद्दाम तिरका ठेवायला लागले. परत यायची तर माउस तसाच तिरका आणि कॉम्प्युटर अडकलेला. म्हणजे काका हात न लावताच करतात, असं मी ठरवून टाकलं.

दुरुस्तीवाला आला. त्याने मेमरी काढून पुसून बसवली, पुढच्या वेळी बदलली. पंख्यातली धूळ काढली, व्हायरस शोधला, पॉवर सप्लाय नवा घातला. शेवटी अख्खा डबा उचलून दुकानात नेला, तर तिथे तो गुण्यागोविंदाने चालला. परत आणून जोडला, साहेब बाहेर आले, अडकला. साहेबांचाच पायगुण दिसतोय, असं दुरुस्तीवाला गमतीत म्हणून गेला. साहेब हसले नाहीत.

मला मात्र घरी जाईपर्यंत विचार करायला ते पुरलं. साहेबांनाच मला काढायचं असेल तर? केबिनमध्ये बसून माझा कॉम्प्युटर थांबवायची काही सोय असेल, काका सामील असतील. नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला की आता संशय घ्यायला फक्त दुरुस्तीवाला आणि मीच उरलो. माझा तिळपापड झाला. खरं तर दुरुस्तीवाल्यावर माझी नजर होतीच.

मग एका सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दुपारी पूर्ण घराचा नकाशा बघायचा आहे, म्हणाले. आजही अडकला तर उद्यापासून काकांची भाची त्या टेबलावर बसेल. म्हणजे माझा संशय अगदीच हवेतला नव्हता. मी तणतणत जागेवर आले. काकांना संधी नको म्हणून पाण्यालाही उठले नाही.

दुपारी केबिनचं दार वाजलं. साहेब आले की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. काका उभे राहिले. मी राहिले नाही. काढायचंच ठरलंय तर मान कसला द्यायचा?

साहेब येऊन माझ्या खुर्चीशी थबकले. मी माउस हलवला. बाण हलला. नकाशा मोठा झाला, फिरला, मापं दिसली.

"आज बरा चालला," साहेब म्हणाले. आवाजात कौतुक नव्हतं.

मला काय ठाऊक, असं म्हणायला मी नेहमीसारखी टेबलाच्या लोखंडी कडेला हात टेकून उठले, तो बोटाला रोजचाच चट्‌दिशी चटका बसला. बाण थांबला.

साहेबांनी पाहिलं, मी पाहिलं, काकांनीही मान लांब करून पाहिलं. पुन्हा सुरू केला. मी बसले, चालला. मी उठले, अडकला. साहेबांचा तरी विश्वास बसेना. मग ते स्वतः माझ्या खुर्चीत बसले, टेबलाला हात लावून उठले, आणि अडकला. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो आधी हसला. मग म्हणाला, खुर्चीचं कापड नायलॉनचं, या कोरड्या हवेत उठताना घासून अंगात वीज साठते, लोखंडाला हात लागला की ठिणगी उडते आणि कॉम्प्युटरचं डोकं फिरतं. खुर्ची नवीन आहे का, त्याने विचारलं. नवीनच होती. माझी पाठ दुखते म्हणून साहेबांनीच आणवली होती. इतके दिवस मी त्यांच्यासाठी अदबीने उठत होते आणि ते त्यासाठीच मला काढायला निघाले होते.

चुकलं वगैरे साहेब काही म्हणाले नाहीत. काकांना म्हणाले, यांची खुर्ची बदला. काका लगबगीने कोपऱ्यातली लाकडी खुर्ची घेऊन आले. मी नायलॉनच्या खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

"राहू दे, साहेब. खुर्ची चांगली आहे, पाठ दुखत नाही. मी उठायचं तेवढं बंद करते."

काका लाकडी खुर्ची हातात घेऊन तसेच थांबले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.

"वरचा मजला दाखवा," ते म्हणाले.

मी दाखवला. मग खालचा, मग जिना, एकेक खोली सावकाश. संपेपर्यंत साहेब उभे होते आणि मी बसलेली होते.