अभ्यासक्रमात शिरलेला कुकर

मी कुकर बोलतोय. पाच लिटरचा, एका बाजूला पोचा आलेला. पण मला नुसता भात लावणारा समजू नका. मी बहरीनच्या एका विद्यापीठात शिकवतो!

पुण्याच्या दुकानातून निवेदिताच्या आईनं मला लेकीसाठी घेतलं आणि तिच्या बॅगेतून मी बहरीनमधल्या अराद गावातल्या तिच्या फ्लॅटमध्ये आलो. रोज वरणभात, शुक्रवारी सुट्टी म्हणून राजमा. निवेदिता इंजिनिअरिंगच्या मुलांना उष्णतेचं शास्त्र शिकवते. पुस्तक इंग्लंडचं आणि गणितंही तिथलीच, हिवाळ्यात घर कसं उबदार ठेवावं याची! बाहेर ऊन मी म्हणतंय, अन् वर्गात थंडीची चर्चा. मुलं पाठ करत, पेपरात उतरवत आणि विसरून जात. तिचा जीव तुटायचा.

मग विद्यापीठानं ठरवलं, अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय करायचा. बाकीच्यांनी आणखी एक परदेशी पुस्तक जोडलं आणि हात झटकले. निवेदितानं मात्र नवा धडाच मांडला : स्वयंपाकघरातली उष्णता. अभ्यासक्रम समिती म्हणाली, "एक तास बघतो. जमला नाही, तर धडा रद्द."

त्या सकाळी तिनं मला घासूनपुसून लख्ख केलं.

"अगं, कुकर घेऊन कॉलेजला? हसतील सगळे!" तिचा नवरा वरुण म्हणाला.

"हसू देत. हसता हसता शिकतील तरी."

वर्गात मी ऐटीत शेगडीवर बसलो. मागच्या बाकावर समिती. निवेदितानं फळ्यावर लिहिलं, 'तीन शिट्ट्यांत भात होतो. आतलं तापमान किती?'

शेजारच्या मुहर्रक शहरातली आतिका उठली. तिथं प्राध्यापकांना डॉक्टरच म्हणतात. "डॉक्टर, एक शिट्टी म्हणजे किती मिनिटं? आमचा कुकर शिट्टी देतच नाही. आई घड्याळ बघते."

शिट्टी न देणारा कुकर? मी तर गारच पडलो! निवेदितानं धड्यातलं इंग्लंड उठवून तिथं पुणं बसवलं होतं. समितीतल्या एकानं पेनाचं टोपण काढलं.

दुसरी कुणी असती, तर तिनं सारवासारव केली असती. निवेदितानं फळा पुसला. "आतिका, बरोबर आहे तुझं. मी माझ्याच घराला जग समजले. आता तुम्ही सांगा, भात झाला हे तुमच्या घरी कसं कळतं?"

वर्गाला वाचा फुटली. कुणाची आजी वास घेते, कुणाची आई झाकणाचा आवाज ऐकते, आतिकाच्या घरी मजबूसचा, म्हणजे तिथल्या मटण घातलेल्या मसालेभाताचा, भात घड्याळावर होतो. निवेदिता म्हणाली, "यल्ला, चला, या सगळ्याच्या मुळाशी काय आहे ते शोधा." मुलांनी माझ्या शिट्ट्या घड्याळाशी ताडल्या, दाब मांडला, तापमान काढलं. पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत कसं नाही, हे त्यांनीच तिला समजावलं. तास संपला, तरी कुणी उठेना. समितीसुद्धा!

धडा मंजूर झाला. निवेदिताचे डोळे भरून आले होते, माझी तर छाती फुगली होती.

आता मी प्रयोगशाळेच्या कपाटात राहतो. रबर सैल झालंय, शिट्टी जरा फुसकी येते. शेजारी आतिकाच्या आईनं दिलेला तो मुका कुकर आहे. आधी मी त्याच्याकडे पाहायचोसुद्धा नाही. दरवर्षी नवी मुलं आम्हा दोघांना एकदमच शेगडीवर चढवतात.

बाबांनो, तुमच्या घरची शिट्टी जरूर मोजा, पण शेजारच्या घरी कसं कळतं तेही एकदा विचारा. आमचा दोघांचा भात छान होतो. तो बिचारा काही बोलत नाही. मग शिट्टी मीच देतो, दोघांच्या वतीनं.