स्वतःलाच लिहिलेलं पत्र

नव्या प्राथमिक शाळेच्या बांधकामासाठी पाच निविदा आल्या होत्या. सर्वांत कमी दर भरणाऱ्या कंत्राटदाराचा अनुभवाचा दाखला इंजिनीअरबाईंनी उघडला. खाली त्यांचीच सही होती.

चार वर्षांपूर्वी याच कंत्राटदारानं बांधलेल्या एका दवाखान्याच्या इमारतीबद्दल त्यांनी लिहून दिलं होतं, काम समाधानकारक. समाधान कसलं डोंबलाचं! काँक्रीट नखानं खरवडलं तरी सुटत होतं. पण आर्थिक वर्ष संपत आलं होतं आणि तेव्हाचे साहेब डोक्यावर उभे होते. "सहीच तर करायचीय बाई, किती आढेवेढे घेता!" बाईंनी केली. पुढच्याच वर्षी जिना खचला. सुदैवानं तेव्हा जिन्यावर कुणी नव्हतं, म्हणून प्रकरण गुपचूप मिटलं. आता त्याच कंत्राटदाराची शाळा लेकीच्या घरामागे उभी राहणार होती आणि नातू तिथंच जाणार होता.

"दाखल्याची खातरजमा लागेल," कारकून म्हणाला. "ज्यांनी दिला त्यांना पत्र पाठवायचं."

"अहो, मीच दिलाय."

"मग तुम्हालाच पाठवतो की."

बाईंना वाटलं, चेष्टा करतोय. पण त्यानं खरंच पत्र टाइप केलं. बाईंनी पाठवणारी म्हणून सही केली आणि मिळाल्याची पोचही स्वतःच दिली. हसावं की रडावं, त्यांना कळेना. त्या नव्या साहेबांकडे गेल्या.

"दाखला खोटा म्हणायचा तर म्हणा," साहेब म्हणाले. "पण मग खोटा दिला कुणी? चौकशी तुमचीच. शिवाय ही सगळी प्रक्रिया पहिल्यापासून, म्हणजे पोरं आणखी दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये भाजणार. बघा बुवा."

बाईंनी दुपारभर पाहिलं. मग मनाशी ठरवलं, होऊ दे त्याचं काम, मी रोज साइटवर उभी राहीन. प्रत्येक घमेलं बघितल्याशिवाय ओतू देणार नाही. एवढ्या आधारावर त्यांनी लिहिलं, सही माझी आहे, दाखला खरा आहे.

"देखरेखीला माझं नाव घाला हं," कारकुनाला कागद देताना त्या म्हणाल्या.

"छे हो बाई! ज्यांनी निविदा तपासली त्यांना देखरेख देत नाहीत. पक्षपात नको म्हणून."

बाईंनी कागद परत घ्यायला हात पुढे केला. कारकुनानं तो फाईलला लावून वर शिक्काही मारला होता.