गोल रांग

आमच्या वॉर्ड ऑफिसात टोकनचं मशीन आहे. त्यावर फुलझाडाची कुंडी ठेवलेली आहे आणि झाड छान वाढतंय. त्यामुळे रांग आम्ही जुन्या पद्धतीनंच लावतो. दारातून आत येताना विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करतं. ते माणूस लक्षात ठेवायचं, मग खुशाल बाकावर बसा, नाहीतर समोरच्या बारमध्ये कॉफी पिऊन या. नंबर कुठे जात नाही. अख्खं माद्रिद याच भरवशावर चाललंय.

त्या शुक्रवारी मी बाल्दोमेरोकाकांच्या मागे होतो. हातात आमच्या गल्लीचा अर्ज. जूनच्या दुसऱ्या शनिवारी आम्हाला चौक हवा होता, बटाट्याच्या ऑम्लेटची जत्रा भरवायला. कांदा घालून. माझ्या मागे पलीकडच्या गल्लीतला लेओकादियो. त्याच्याही हातात अर्ज. तोच शनिवार, तोच चौक, ऑम्लेट बिनकांद्याचं. मुदत त्याच दिवशी दुपारी दोनपर्यंत. ज्याच्या अर्जावर शिक्का आधी, त्याचा चौक.

सगळ्यांच्या पुढे ओब्दुलियाबाई. पण खिडकीवरच्या कासिल्दाबाई न्याहारीला गेल्या होत्या, म्हणून याही कॉफी पिऊन आल्या. आल्या आणि साठ वर्षांच्या सवयीनं दारातूनच विचारलं, "शेवटचं कोण?"

"मी," लेओकादियो म्हणाला.

बाई त्याच्या मागे जाऊन बसल्या.

एक वाजता खिडकी उघडली. "या, पुढचं कोण?"

कुणी हललं नाही.

"काका, जा ना," मी म्हटलं.

"मी कसा जाऊ? मी ओब्दुलियाबाईंच्या मागे."

"बाई, तुम्ही जा."

"मी याच्या मागे," बाईंनी लेओकादियोकडे बोट दाखवलं. लेओकादियोनं माझ्याकडे दाखवलं. मी काकांकडे.

"अहो बाई, पण तुम्हीच तर पहिल्या होतात!"

"होते. नंतर मी विचारलं, यानं सांगितलं. झालं! आणि मी कशासाठी आलेय ठाऊक आहे का तुला?" बाईंनी हातातला कागद फडकवला. "तक्रार आहे. गेल्या महिन्यात इथेच एकजण रांग मोडून मध्ये घुसला."

मी कासिल्दाबाईंकडे पाहिलं.

"खिडकी माझी," त्या म्हणाल्या. "रांग तुमची."

लेओकादियो माझ्या कानाशी आला. "तू दमलेला दिसतोस रे. घरी जा."

मी हिशेब केला. मी गेलो की हा पहिला. "तूच जा, तुझा चेहरा बघ जरा."

मग मी काकांना पटवायला घेतलं. "काका, तुम्ही सोमवारी या. जन्मभर आमच्याकडचं ऑम्लेट फुकट."

"मला कांदा सोसत नाही."

लेओकादियो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

दोनला दहा कमी असताना दारात कोपऱ्यावरच्या गल्लीतली विसिता आली. "शेवटचं कोण?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी ओब्दुलियाबाईच बोलल्या, कारण खोटं त्यांना जमत नाही. "कुणीच नाही, पोरी."

"वा!" असं म्हणून विसिता सरळ खिडकीशी गेली. ठप्प, शिक्का बसला. कुणाची हरकत घ्यायची हिंमत झाली नाही. तिनं विचारलं होतं.

मी मान लांब करून तिचा अर्ज वाचला. तोच शनिवार, तोच चौक.

"ऑम्लेट?" मी म्हटलं.

"हो."

"कांदा घालून?" मी विचारलं. "की न घालता?" लेओकादियोनं विचारलं.

"बेदाणे घालून."

लेओकादियो मटकन खाली बसला.

कासिल्दाबाईंनी शटर अर्धं ओढलं आणि खालून म्हणाल्या, "चौक जिचा, तिनं हो म्हटलं तर दुसऱ्या गल्ल्यांना टेबलं लावता येतात." मग शटर पूर्ण ओढलं.

विसिताला आम्ही जिन्यात गाठलं.

"लावा की टेबलं," ती म्हणाली. "पण चौकात जे ऑम्लेट होईल त्यात बेदाणे पाहिजेत."

आमच्या गल्लीत तीन पिढ्या कांदा चिरताना रडल्या आहेत. ते सगळं सांगायला मी तोंड उघडलं.

"किती घालायचे?" लेओकादियोनं विचारलं.

"मूठभर."

"चालेल!"

त्याच्याकडे मी बघतच राहिलो. मग विसिताकडे वळून म्हटलं, "आम्ही दोन मुठी घालू."