माशीमाराच्या पायाची चिठ्ठी

मी एका मेलेल्या पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी आहे. लांबीने बोटाएवढी, पण एकतीस वर्षे या संग्रहालयाच्या सातव्या खणात त्या पक्ष्याच्या वतीने मीच बोलत आले आहे.

पक्षी डोंगरावरच्या दमट रानातला, चिमणीहून लहान, अंगभर तपकिरी. संशोधकांच्या कुटीच्या काचेवर आपटून तो मेला. संग्रहपालांच्या पत्नीने त्याला उचलले आणि अंगातली ऊब जाण्याआधी माझ्या पाठीवर लिहिले: ‘पाय फिकट, गुलाबीसर. खालची चोच पूर्ण पिवळी. तपकिरी छातीचा माशीमार.’ मग कातडे सोडवून त्यांनी त्यात कापूस भरला. बाईंचा हात फार हलका होता.

संग्रहपालांनी मला भिंगाखाली धरले ते आठ महिन्यांनी. तोवर पक्ष्याचे पाय वाळून काळपट झाले होते. माझ्या पुढच्या बाजूस त्यांनी ठसठशीत लिहिले: ‘तपकिरी माशीमार.’ म्हणजे बागेबागेत दिसणारा, साधा.

“अहो, पाय काळे नव्हते,” बाई म्हणाल्या.

“समोर दिसतायत ते काळेच आहेत ना? हौशी माणसाला रानात काहीही दिसतं.”

मेल्यावर रंग बदलतात, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. बाई वाद न घालता उठल्या. त्यानंतर त्यांनी एकही कातडे भरले नाही.

पुढे खण अनेकांनी उघडला. माणसे नावापाशी थांबतात, असे माझे निरीक्षण आहे. नाव मिळाले की त्यांची जिज्ञासा निवते. मला कोणी उलटले नाही.

उलटले ते गेल्या आठवड्यात, बाईंच्या लेकीने. आता ती इथली संग्रहपाल आहे. तिने पंखांची पिसे मोजली, शेजारच्या पक्ष्यांशी ताडून पाहिली आणि आईवडिलांना बोलावून घेतले.

“बाबा, आईचं बरोबर होतं.”

म्हाताऱ्याने माझी पाठ बराच वेळ वाचली. मग कात्रीकडे हात नेला. माझे दिवस भरले, असे मला वाटले.

“जुनी चिठ्ठी काढायची नसते, बाबा. तुम्हीच शिकवलंत. नवी शेजारी बांधायची.”

कात्री खाली ठेवून त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. ‘ओळख कोणी पटवली’ या रकान्यात पत्नीचे नाव घातले. तारीख घातली एकतीस वर्षांपूर्वीची.

“तारीख आजची लागते,” लेक म्हणाली.

“आज फक्त मला पटली. ओळख त्या दिवशीच झाली होती.”

बाईंनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. “अक्षर अजून तसंच, कोंबडीने उकरल्यासारखं,” त्या म्हणाल्या. चिठ्ठी मात्र त्यांनी लगेच खाली ठेवली नाही. मग लेकीकडे वळून विचारले, “कापूस कुठे ठेवतेस गं हल्ली?”

आता त्या बारीकशा पायाला आम्ही दोघी आहोत. माझ्या तोंडावरची चूक पुसू नये, असेच मलाही वाटते. कधी हा खण उघडलात, तर एवढेच करा: नाव वाचून झाले की मला उलटून बघा.